जुनं कार्ड संपलेलं, नवीन आलेलं नाही, आणि दादाचं लग्न: जर्मनीतल्या व्हिसा एक्स्टेंशनचा अनुभव

१५ डिसेंबर २०२५ ला माझं नवीन रेसिडेन्स परमिट कार्ड (जर्मनीत राहायच्या परवान्याचं कार्ड) हातात आलं. अर्ज केला होता जूनमध्ये. मधल्या काळात थीसिस चालू होता, युनिव्हर्सिटीतली हीवीची (प्रोफेसरांच्या हाताखालची) नोकरी चालू होती, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची असं खातं) परत भरावं लागलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी दादाच्या लग्नाला इचलकरंजीला जाऊन आले, ते पण जुनं कार्ड संपलेलं आणि नवीन आलेलं नसताना. ही शेवटची गोष्ट करता येते का, कशी येते, परत येताना कोण काय विचारतं, याच्याबद्दल मराठीत मला कुठे नीट सलग लिहिलेलं सापडलं नाही. जे सापडलं त्यातलं अर्धं "माझ्या मित्राच्या मित्राला परत पाठवलं" असलं होतं आणि ते वाचून रात्रीची झोप उडायची. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी २०२३ च्या ऑक्टोबरपासून केमनिट्झला मास्टर्स करतेय. केमनिट्झ म्हणजे जर्मनीच्या पूर्वेचं, सॅक्सनी राज्यातलं शहर, लाइपझिगपासून ट्रेनने तासाभरावर. १९५३ ते १९९० या काळात याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं आणि मार्क्सच्या डोक्याचा सात मीटर उंचीचा पुतळा अजून गावाच्या मधोमध आहे. एकेकाळी कापडगिरण्यांमुळे याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे. मी इचलकरंजीची, म्हणजे महाराष्ट्राच्या मँचेस्टरची, घरी पप्पांचे माग आहेत, आणि इथल्या युनिव्हर्सिटीची मुख्य लायब्ररी ज्या इमारतीत आहे ती जुनी सूतगिरणी आहे, तिथेच मी थीसिसचा बराचसा भाग लिहिला. पप्पांना पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर तो उंच हॉल आणि ते जाड खांब दाखवले तर म्हणाले, "मशिनी कुठं गेल्या गं सगळ्या?" आणि बराच वेळ बघत बसले.

तर माझं पहिलं कार्ड ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत होतं. कोर्स कागदावर चार सेमिस्टरचा असला तरी इथे भाषा, नोकरी आणि परीक्षा सांभाळत पाच-सहा सेमिस्टर लागणारे भरपूर जण आहेत, मास्टर्स थीसिसलाच सहा महिने जातात. त्यामुळे एक्स्टेंशन लागलं म्हणजे आपलं काहीतरी बिघडलं असं अजिबात मनात आणू नका. घरच्यांना पण हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "दोन वर्षांचं होतं ना?" हा प्रश्न प्रत्येक फोनला येतो.

मे मध्ये दादाचं लग्न ठरलं. दिवाळी, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त काढला, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आईने फोनवर तारीख सांगितली आणि लगेच पुढचं वाक्य, "तू करवली हायस, तुझ्याशिवाय कोण उभं राहणार करा-दिवा घेऊन." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पर्समधून कार्ड काढून तारीख परत बघितली. सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या मधले ते दोन महिने डोक्यात बसले ते बसलेच.

जूनच्या सुरुवातीला कागदपत्रं गोळा करायला घेतली. परदेशी नागरिकांच्या ऑफिसला इथे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात आणि प्रत्येक शहराची पद्धत वेगळी असते, कुठे पोर्टलवर अर्ज, कुठे ईमेल, कुठे पोस्टाने, तेव्हा आपल्या शहराचीच माहिती बघा, बर्लिनच्या मित्राने सांगितलेलं म्युनिकला चालेलच असं नाही. कागद मात्र सगळीकडे साधारण सारखेच. पासपोर्ट, जुनं कार्ड, चालू सेमिस्टरचं एनरोलमेंट सर्टिफिकेट, आतापर्यंतची मार्कलिस्ट, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, भाडेकरार, आणि पैसे आहेत याचा पुरावा. कोर्स लांबला असेल तर प्रोफेसरांकडून एक पत्र घ्यावं की थीसिस चालू आहे आणि अमुक महिन्यापर्यंत पूर्ण होईल. माझ्या प्रोफेसरांच्या सेक्रेटरीने ते पत्र दोन दिवसांत दिलं, फक्त आधीच मजकूर तयार करून पाठवला तर त्यांचं काम सोपं होतं, नाव, मॅट्रिकुलेशन नंबर, थीसिसचा विषय, अपेक्षित तारीख, बस. आणि सगळ्यात आधी पासपोर्टची एक्सपायरी बघा. पासपोर्ट संपतोय त्याच्या पुढचं परमिट मिळत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीला आधी पासपोर्ट रिन्यू करावा लागला आणि त्यात तिचा सगळा उन्हाळा गेला.

फोटोचा नियम बदललाय हे पण लक्षात ठेवा. मे २०२५ पासून कागदी फोटो ऐवजी डिजिटल फोटो लागतो. मान्यताप्राप्त फोटोग्राफर किंवा मोठ्या ड्रगस्टोअरमध्ये फोटो काढला की ते एक कोड छापून देतात आणि ऑफिसवाले त्या कोडवरून फोटो उघडतात. ऑफिसमध्ये मशीन असेल तर तिथे पण निघतो, त्याचे ६ युरो. भारतातून आणलेले पासपोर्ट साइज फोटो माझ्याकडे अजून पाकीटभर पडलेत, ते आता या कामाला चालत नाहीत.

१२ जूनला सगळं एका पीडीएफमध्ये नीट क्रमाने जोडून अर्ज पाठवला. त्याच दिवशी "तुमचा अर्ज मिळाला" असं आपोआप येणारं उत्तर आलं. ते उत्तर तारखेसकट प्रिंट काढून फाइलला लावलं. कळकळीने सांगते, हा एक कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथल्या रेसिडेन्स कायद्याच्या कलम ८१ मध्ये उपकलम ४ आहे, त्यात असं आहे की जुना परवाना संपायच्या आत तुम्ही एक्स्टेंशनचा अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं मानलं जातं, राहायचा हक्क आणि काम करायचा हक्क दोन्ही तसेच राहतात. म्हणजे कार्डावरची तारीख उलटली तरी तुम्ही बेकायदेशीर होत नाही. अट एकच, अर्ज तारखेच्या आधी पोचलेला पाहिजे आणि तसा पुरावा तुमच्याकडे पाहिजे. हे मला आधी कळलं असतं तर जुलै महिना बराच बरा गेला असता.

जुलै परीक्षांचा. सकाळी हॉस्टेलवरून चालत कॅम्पसला, दुपारी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जे व्हेज असेल ते, आणि संध्याकाळी हीवीचं काम. हीवी म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी करायची नोकरी, मी पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब घ्यायचे आणि रिपोर्ट तपासायचे. आठवड्याला दहा तास, महिन्याला साडेपाचशे युरोच्या आसपास. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण युनिव्हर्सिटीतली हीवीची नोकरी त्या दिवसांत धरत नाहीत, म्हणून शक्य असेल तर आधी हीवीच शोधा. पैसे थोडे कमी असतात पण लोक ओळखीचे होतात आणि परीक्षेच्या दिवसांत समजून घेतात. उन्हाळ्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, भारताच्या साडेतीन तास मागे, त्यामुळे मी जेवायला बसायचे तेव्हा घरी आई भांडी आवरून आडवी झालेली असायची. सहा साडेसहाच्या आत फोन केला तरच निवांत बोलणं व्हायचं, आणि नेमकं तेव्हाच लॅब असायची. रविवारी दुकानं बंद, शांतता, तो दिवस मग घरच्या फोनसाठीच ठेवलेला.

११ ऑगस्टला ऑफिसचं पत्र आलं. पैशाचा पुरावा पुरेसा नाही, अजून दाखवा. हे पत्र आलं म्हणजे अर्ज नाकारला असं नसतं, हे बऱ्याच जणांना येतं, त्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं एवढंच. हिशोब असा असतो. विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. मी २०२३ ला आले तेव्हा हाच आकडा ११,२०८ होता. माझा हीवीचा करार मार्च २०२६ पर्यंतचा, म्हणजे त्या सहा महिन्यांचे साडेपाचशे त्यांनी धरले, बाकीचे मला दाखवायचे होते. ती रक्कम आली साधारण ८,६०० युरो. माझी स्वतःची शिल्लक होती २,३०० च्या आसपास. राहिले ६,३००. आणि युरो तेव्हा शंभर रुपयांच्या वर गेलेला, मी आले तेव्हा नव्वदच्या आसपास होता. म्हणजे घरून सव्वासहा साडेसहा लाख.

त्या दिवशी घरी फोन करायला मला खूप जड गेलं. लग्नघर आहे, हॉलचा ॲडव्हान्स दिलाय, बस्ता बांधायचाय, मागाच्या धंद्याची अवस्था मला माहितीय, आणि त्यात मी असा आकडा सांगणार. दोन दिवस दुसरे काही मार्ग आहेत का तेच शोधत होते, नोकरीचे तास वाढवून मिळतात का विचारलं, पण करार सेमिस्टरच्या मधे बदलत नाहीत. शेवटी रविवारी सांगितलं. पप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे पैसे जातात का राहतात?" मी सांगितलं, राहतात, आपलेच असतात, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात आणि दर महिन्याला ठरलेले माझ्याच खात्यावर परत येतात, सरकारला फक्त बघायचं असतं की पोरगी उपाशी राहणार नाही. ते म्हणाले, "मग काय, एफडी मोडू. तिथं पडल्यात काय आन् इथं पडल्यात काय." मागून दादाचा आवाज आला, "आणि तू येणार नसशील तर मी पण बोहल्यावर चढत नाही, सांगून ठेवतो." मला हसू पण आलं आणि रडू पण.

घरच्यांना बँकेत पाठवताना एक गोष्ट करा. ब्लॉक्ड अकाउंटवाल्या कंपनीने दिलेलं पत्र, त्यावरचा आयबॅन म्हणजे खाते क्रमांक, रेफरन्स नंबर, आपला पासपोर्ट, कॉलेजचं पत्र, सगळं प्रिंट काढून द्या आणि रेफरन्स नंबर पेनाने गोल करा. बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, पैसे कशासाठी चाललेत ते सांगावं लागतं, पॅन लागतो. दहा लाखांच्या आत असल्यामुळे टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला नाही. बँक स्विफ्टचे चार्जेस घेते आणि मधली बँक पण थोडे कापते, म्हणून मोजून तेवढेच पाठवू नका, पन्नासेक युरो जास्तीचे टाका. कमी पडले तर परत तेवढ्यासाठी सगळी प्रक्रिया. पप्पा सकाळी गेले ते जेवायच्या वेळेला बाहेर आले, आणि मला पावतीचा फोटो पाठवला, त्यात रेफरन्स नंबरखाली त्यांनी स्वतः अजून एक रेघ मारलेली होती. पैसे चार-पाच दिवसांत जमा झाले आणि मी कन्फर्मेशन पत्र ऑफिसला मुदतीच्या आत पाठवलं.

तेवढ्यात गणपती आले, २७ ऑगस्ट. आम्ही हॉस्टेलच्या कॉमन किचनमध्ये बसवतो, शाडूची छोटी मूर्ती एकाने सुट्टीवरून येताना आणलेली. आरती रात्री दहाच्या आत उरकायची कारण त्यानंतर इथे शांततेची वेळ असते. एशियन दुकानातल्या तांदळाच्या पिठाचे मोदक नीट वळत नाहीत, उकड काढताना चमचाभर तेल आणि थोडी साबुदाण्याची पिठी घातली तर वळतात, हे ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. दीड दिवसाने बादलीत विसर्जन केलं आणि ती माती खिडकीतल्या कुंडीत गेली. त्या दीड दिवसात मी एकदाही ईमेल उघडून बघितला नाही, जूनपासून पहिल्यांदाच असं झालं.

सप्टेंबरमध्ये खरी गडबड. कार्डाची तारीख जवळ आली की फक्त ऑफिसचा प्रश्न राहत नाही. युनिव्हर्सिटीच्या पगार विभागाचा ईमेल आला की ३० सप्टेंबरनंतरचा परवाना पाठवा, नाहीतर पुढचा पगार काढता येणार नाही. बँकेचं पण स्मरणपत्र आलं. कायद्याने मी ठीक होते पण प्रत्येकाला दाखवायला एक कागद हवा होता. त्या कागदाचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, आपली मुलं नुसतं फिक्शन म्हणतात. हा ऑफिस देतं, अर्ज प्रलंबित आहे आणि तोपर्यंत अमुक हक्क आहेत असं लिहिलेला घडीचा अधिकृत कागद, फी १३ युरो. तो आपोआप येईलच याची खात्री नसते, मागावा लागतो. मी ईमेल केला त्यात सगळी कारणं एकत्र लिहिली: कार्ड कधी संपतंय, पगार विभागाला पुरावा हवाय, आणि भावाच्या लग्नासाठी नोव्हेंबरमध्ये भारतात जायचंय. लग्नपत्रिका अजून छापली नव्हती म्हणून दादाने हॉलच्या बुकिंगची पावती पाठवली, ती पण जोडली. साध्या सोप्या जर्मनमध्ये, छोटी वाक्यं. आठवड्याभरात २५ सप्टेंबरची टर्मिन मिळाली. टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, इथे आल्यावर महिन्याभरात सगळे हाच शब्द वापरायला लागतात.

टर्मिनला गेले तेव्हा समोर पन्नाशीच्या बाई होत्या. माझी फाइल उघडी होती, प्रोफेसरांचं पत्र, बँकेचं पत्र, सगळं छापून लावलेलं. त्यांनी विचारलं कुठे जायचंय, मी भावाचं लग्न म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि फॉर्म भरायला घेतला. आता हे नीट वाचा, कारण पूर्ण लेखात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी आहे. त्या कागदावर तीन चौकोन असतात, तीन वेगवेगळ्या परिस्थितींसाठी. जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं ते तिसऱ्या चौकोनावर खूण असेल तरच, म्हणजे कलम ८१ उपकलम ४, "आधीचा परवाना चालू मानला जातो" असं लिहिलेला. उपकलम ३ वर खूण असेल तर बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. बाईंनी स्वतःहून बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, इथे. याच्यावर तुम्ही प्रवास करू शकता, पासपोर्ट आणि जुनं कार्ड बरोबर ठेवा." मी तरीपण परत विचारलं, आणि त्यांनी न कंटाळता परत सांगितलं. कागदाची मुदत सुद्धा तिथेच तपासा, परतीच्या तारखेच्या बऱ्याच पुढची पाहिजे. माझी जानेवारीअखेरपर्यंत होती. बोटांचे ठसे आणि फोटोसाठी ३ नोव्हेंबरची वेगळी टर्मिन दिली.

बाहेर येऊन ट्रामच्या स्टॉपवरच तिकीट बुक केलं. फ्रँकफर्ट ते मुंबई थेट, जाऊन-येऊन साधारण सातशे युरो. स्वस्त तिकिटं दुसऱ्या देशातून बदलून जाणारी होती, दीडशे-दोनशे युरो वाचले असते, पण फिक्शनवर प्रवास करताना मधे दुसऱ्या शेंगेन देशात (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांपैकी एकात) इमिग्रेशन झालं तर तिथल्या अधिकाऱ्याला हा जर्मन कागद समजावत बसावं लागतं. जर्मन पोलिसांना तो रोजचा असतो. या बाबतीत पैसे वाचवू नका.

दिवाळी अशीच गेली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लॅब होती. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ एक तास मागे गेलं आणि दुपारी साडेचारला अंधार पडायला लागला. मला इथल्या थंडीपेक्षा हा अंधार जास्त जाणवतो. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या, दुपारी जेवून झाल्यावर अर्धा तास बाहेर फिरणं, आणि संध्याकाळी खोलीत एकटं न बसता लायब्ररीत बसणं, या तीन गोष्टींनी मला दोन हिवाळे तारून नेलंय. नोव्हेंबरच्या ३ तारखेला ठसे झाले, ९३ युरो भरले, कार्ड बर्लिनला छापून यायला चार ते सहा आठवडे लागतील म्हणाले. हिशोब केला, लग्नानंतरच येणार. म्हणजे फिक्शनवरच जायचं हे नक्की झालं.

मुंबईला उतरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी. दारात मांडव, आत्या, मावश्या, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, बारीक कशी झालीस. लग्नाचं सगळं लिहीत नाही, एवढंच लिहिते की अंतरपाट धरला होता, मंगलाष्टका चालू होत्या आणि मी दादाच्या मागे करा-दिवा घेऊन उभी होते, ताटातला दिवा फॅनच्या वाऱ्याने विझायला लागला तसा मी पदर आडवा धरला, आणि दादाने मान न वळवता हळूच विचारलं, "हात दुखायला लागला काय?" दुखत होता. नाही म्हटलं. नंतर वहिनी म्हणाली की तिला अंतरपाटापलीकडून माझे फक्त डोळे आणि करा दिसत होता.

परतीच्या प्रवासाला मी एक वेगळी फाइल केली होती. वर फिक्शन, मग पासपोर्ट, जुनं कार्ड, एनरोलमेंट, प्रोफेसरांचं पत्र, अर्ज मिळाल्याचा ईमेल, आणि ऑफिसकडून आलेला एक ईमेल ज्यात प्रवास करता येईल असं लिहिलंय. मुंबईला चेक-इन काउंटरवर मुलगा कार्ड बघून म्हणाला, मॅडम हे तर सप्टेंबरमध्ये संपलंय. मी फिक्शन दिलं. त्याने दोन्ही बाजू बघितल्या, मजकूर जर्मनमध्ये, त्याने सुपरवायझरला बोलावलं, ते कागद घेऊन आत गेले. साधारण वीस-पंचवीस मिनिटं मी बाजूला उभी. मागे रांग पुढे सरकत होती. तेव्हा मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही, पण एक मात्र होतं की तिसरा चौकोन मी स्वतः तपासलेला होता आणि कायद्याचं कलम पाठ होतं, त्यामुळे आवाज स्थिर राहिला. सुपरवायझर परत आले, तिसऱ्या खुणेवर पेन ठेवून त्या मुलाला म्हणाले, "हे असलं की चालतं, लक्षात ठेव," आणि बोर्डिंग पास दिला. म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर तरी आधी जा, आणि रागावू नका, विमान कंपनीवर दंडाची जबाबदारी असते म्हणून ते तपासतात. शांतपणे कागद पुढे केले की काम होतं.

फ्रँकफर्टला तर काहीच नाही. अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि फिक्शन घेतलं, काय शिकतेस, कुठे, किती राहिलंय असं विचारलं, शिक्का मारला. एवढंच. ज्या क्षणासाठी मी जूनपासून धास्तावले होते तो मिनिटाभरात संपला. ट्रेनने लाइपझिग, तिथून गाडी बदलून केमनिट्झ. उतरले तेव्हा जवळजवळ प्रत्येक खिडकीत कमानीच्या आकाराचे लाकडी दिवे लागलेले, शेजारच्या एर्झगेबिर्गे डोंगरातली ही ख्रिसमसची पद्धत आहे. बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी, आईने दिलेलं मेतकूट आणि लग्नातले लाडू, हॉस्टेलवर पोचल्यावर लाडू रात्रीतच संपले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं की कार्ड तयार आहे. १५ तारखेला जाऊन घेतलं, जुनं कार्ड आणि फिक्शन त्यांनी परत घेतलं. नवीन कार्ड ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत. बरोबर एक हिरवट घडीचा कागद मिळतो, त्यावर काम करायच्या अटी लिहिलेल्या असतात, तो कार्डाइतकाच महत्त्वाचा, फेकू नका, नोकरी देणारे दोन्ही मागतात. मी तिथेच काउंटरवर नाव, जन्मतारीख आणि पत्त्याचं स्पेलिंग तपासलं, तुम्ही पण तपासा.

एकूण खर्च सांगायचा तर ऑफिसची फी ९३ आणि १३, फोटो आणि प्रिंट मिळून वीसेक युरो. बाकी ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे दर महिन्याला परत येतायत, त्यातून माझं २७५ चं भाडं आणि १४४ चा इन्शुरन्स जातो. मी त्यातले थोडे थोडे साठवून पप्पांची एफडी परत करायचं ठरवलंय, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

थीसिस जानेवारीअखेर जमा करायचाय, मग डिफेन्स, म्हणजे थीसिसवरची तोंडी परीक्षा. पास झाल्यावर इथे नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो, त्याचे कागद थोडे वेगळे आहेत. ते जमवायला घेतले की त्याच्याबद्दल पण लिहीन. तोपर्यंत ज्यांचं कार्ड येत्या मार्चमध्ये संपतंय त्यांनी प्रोफेसरांच्या पत्रासाठी याच आठवड्यात ईमेल करा, ख्रिसमसनंतर बरीच ऑफिसं जानेवारीपर्यंत बंद असतात.